आत्याबाई आणि चुन्याची फुली

जमिनीखालची गळती नुसत्या कानाने शोधता येते, असं सांगितलं की लोक हसतात. कानकाका मात्र चौतीस वर्षं तेच करत आले होते. हातात छातीएवढी उंच पोलादी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. सळईचं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखायचा. फुटलेल्या नळातून पाणी निसटताना आवाज करतं. तो ज्याला कळला, तो पायापाशी चुन्याची फुली मारतो आणि खोदणारे तिथं खोदतात. काकांच्या फुलीवर खोदलं आणि कोरडं निघालं, असं पाणीपुरवठा खात्यात एकदाही घडलं नव्हतं. म्हणून तर त्यांचं खरं नाव मागं पडलं आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे ते कानकाका झाले.

आणि आज, निवृत्तीला नऊ दिवस उरलेले असताना, हेच कानकाका आपली कालची फुली पुसायला तलावाच्या रस्त्याने अक्षरशः धावत निघाले होते. एका हातात सळई, दुसऱ्या हातात चप्पल, कारण ती पायात टिकेना. डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच वाळून गेला होता. उजवा गाल गुळगुळीत आणि डावा खुंटांचा, अशा अवतारात ते घराबाहेर पडले तेव्हा बायको दारातून ओरडली होती, "अहो, निदान दुसरा गाल तरी न्या सोबत!"

झालं होतं असं. काल सकाळपासून अर्ध्या शहराच्या नळांना धार नव्हती. तलावातून निघणारा मोठा नळ काठाखालून जातो, तिथंच कुठंतरी तो फुटला होता. नव्या इंजिनिअर मॅडम आपलं नवं यंत्र घेऊन आल्या होत्या. जमिनीवर ठेवायची एक चकती, तिला वायर, वायरीला पेटी आणि कानांवर चढवायचे हेडफोन. यंत्र म्हणालं, गळती व्हॉल्व्हच्या खोलीजवळ, काँक्रीटच्या लादीखाली. काकांनी तिथं सळई टेकवली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. मग ते चाळीस पावलं अलीकडे आले. अडीच महिन्यांपूर्वी नळाचा एक तुकडा बदलताना तिथं भरावाची वाळू टाकली होती, तिचा उंचवटा तसाच राहिला होता. त्या वाळूत त्यांना आवाज सापडला. खोल, जाड, थांबून थांबून येणारा. मोठ्या नळाची मोठी गळती अशीच घुमते, हे त्यांना ठाऊक होतं. थांबून येतोय, तर तो पंपाचा ठेका असणार. त्यांनी फुली मारली.

"नक्की काका?" मॅडमनी विचारलं होतं.

"शंभर टक्के."

मॅडमनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "ठीक आहे. काकांची फुली. उद्या दहाला खोदू."

जेसीबीवाल्याने तर शिट्टीच मारली. "बघा, पेटी हरली! काकांच्या कानाला तोड नाही!"

काका वरवर लाजले, आतून फुलले. कारण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. चार महिन्यांपूर्वी त्यांनी गुपचूप कान तपासून घेतले होते. वाटीला नेहमी लावायच्या त्या उजव्या कानाला बारीक, उंच आवाज आता येत नाहीत, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी कपाटात शर्टांच्या घडीखाली दडवला होता. नऊ दिवस निभावले की सुटलो, असा त्यांचा हिशेब होता. कालच्या फुलीने तर त्यांना वाटलं, डॉक्टरच चुकला असावा.

पण सकाळी दाढी करताना स्वयंपाकघरात बायकोच्या हातून झाकण पडलं. खणखणाट झाला. खिडकीबाहेर कलकलाट करणारी पाखरं एकदम गप्प झाली, आणि क्षणभराने पुन्हा सुरू. काकांचा वस्तरा गालावर थबकला.

शिंक!

काल ते वाळूवर ऐकत होते, तेव्हा तलावाचा चौकीदार शेजारी उभा राहून शिंकला होता. छपरावरची कौलं हलावीत अशी शिंक. आणि तो खोल आवाज थांबला होता. एक श्वासभर, मग पुन्हा सुरू. तेव्हा काकांनी त्याकडे काणाडोळा केला होता. पण पाणी कुणाच्या शिंकेला दचकत नाही. दचकतं ते जिवंत असतं.

काकांनी वस्तरा ठेवला आणि सळई उचलली. आतून काहीतरी उसळून वर आलं, लहानपणी पतंग हाताला ओढ देतो तसं. काय असेल तिथं?

ते तलावावर पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. जेसीबी उंचवट्यापासून दहा हातांवर उभा होता. जेसीबीवाला केबिनमध्ये चहा पीत होता. काकांना पाहून त्याचा घोट नाकात गेला.

"काका, अर्धेच आलात? बाकीचे मागून येताहेत का?"

"इंजिन लावू नकोस," काका धापा टाकत म्हणाले. "आधी मला एकदा ऐकू दे."

चौकीदार काठावर उभा राहून पत्र्याचा डबा बडवत होता. तो आणि काका एकाच वर्षी नोकरीला लागलेले. "कालपासून डबा वाजवून हात गेला माझा," तो कुरकुरला. "आत्याबाई हटायचं नावच घेत नाहीत."

आत्याबाई म्हणजे तलावातली म्हातारी मगर. हे नाव चौकीदारानेच ठेवलेलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याच्या सख्ख्या आत्यासारखीच होती. दिवसभर ऊन खात पडायची, कुणाशी बोलायची नाही, आणि सगळं बघायची. आत्ता ती काठापासून वीस हातांवर पाण्यात होती. दिसत होते फक्त दोन डोळे आणि नाकपुड्यांचा उंचवटा. पाणी हलत नव्हतं. डोळेही हलत नव्हते.

काकांनी फुलीवर सळई टेकवली. कान लावला.

आला. खोल, छोटा, घशातल्या घशात दाबल्यासारखा. उंम्क. थोडं थांबून, उंम्क.

त्यांनी नखाने सळईवर टिचकी मारली. आवाज बंद. काकांनी मनात पाच आकडे मोजले. मग एका जागेवरून उंम्क. दुसऱ्या जागेवरून उंम्क. मग तीन, चार, पाच, आणि शेवटी मोजता येईनात इतके, एकमेकांत मिसळलेले. टिचकीला उत्तर देत होते ते!

काकांच्या मानेवर काटा उभा राहिला. चौतीस वर्षांत जमिनीने त्यांना कधी उत्तर दिलं नव्हतं.

"मॅडम," ते उठत म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "फुली चुकली माझी."

मॅडम नकाशाची गुंडाळी उलगडत होत्या, त्या थांबल्या. "काय म्हणालात?"

"इथं गळती नाही. तुमचं यंत्र बरोबर होतं. व्हॉल्व्हपाशीच असणार."

जेसीबीवाला केबिनमधून अर्धा बाहेर आला. "काका, सकाळी सकाळी चेष्टा नको हां. मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय."

"काका," मॅडमचा आवाज मऊ होता, पण कपाळावर आठी होती. "काल तुम्ही शंभर टक्के म्हणालात, म्हणून मी वरिष्ठांना वाळूच सांगितली. तिथं लादी फोडायची तर आज दिवस जाईल. लोक बादल्या घेऊन ऑफिसबाहेर उभे आहेत. मी काय सांगू त्यांना? एका रात्रीत काय बदललं?"

काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. आता सांगायचं, की गप्प बसायचं? गप्प बसले तर जेसीबीचं बकेट वाळूत जाईल. खाली जे काही आहे त्याचा चेंदा होईल, आणि फुली कोरडी निघाली तरी म्हातारपणी एखादी चूक होतेच असं म्हणून लोक विसरतीलही. सांगितलं, तर कानकाका हे नावच गेलं.

"माझा उजवा कान गेलाय," ते म्हणाले. "बारीक आवाज येत नाहीत मला. चार महिने झाले. व्हॉल्व्हपाशी पाण्याचा सूंऽऽ असणार, तो मला ऐकूच आला नाही. इथला जाड आवाज आला, त्यालाच मी पाणी समजलो. पण हे पाणी नाही मॅडम. इथं कुणीतरी आहे. एक नाही, पुष्कळ आहेत. मी टिचकी मारली तर बोलले माझ्याशी."

 जेसीबीवाला हसू दाबत म्हणाला, "काका, उन्हात फार धावलात का?"

हसला नाही तो फक्त चौकीदार. त्याच्या हातातला डबा खाली आला.

"पुष्कळ म्हणजे? किती?" त्याने विचारलं.

"वीसेक तरी."

"अरे देवा." चौकीदाराने कपाळावर हात मारून घेतला. "मीच आंधळा! अडीच महिने ही बया इथून हलत नाही. इतकी वर्षं पलीकडच्या बेटावर बसायची, यंदा इथं. मला वाटलं, म्हातारी झाली, जवळची जागा धरली. मासा पुढ्यातून गेला तरी तोंड घालत नाही. त्या दिवशी कुत्रं वाळूवर चढलं तर अशी धावली की कुत्रं अजून या बाजूला फिरकलेलं नाही. आणि दुपारी इथंच, आ वासून पडायची, हनुवटी वाळूवर. मी म्हणायचो, आत्याबाईंना दम लागला."

"आ कशाला वासते?" जेसीबीवाल्याने विचारलं.

"अंग तापलं की. तिला कुठं घाम येतो तुझ्यासारखा! अरे, पण ती पडली होती कुठं ते बघ ना. ऊन लागणारी मोकळी, मऊ वाळू. आपणच आणून टाकली तिच्यासाठी. अंडी आहेत लेका खाली! निघायची वेळ झाली की पिल्लं आतूनच हाका मारतात आईला. माझ्या बापाने सांगितलं होतं, मी थाप समजलो होतो."

मॅडम एकदा वाळूकडे, एकदा पाण्यातल्या दोन डोळ्यांकडे पाहत राहिल्या. "मला स्वतःला ऐकायला हवं," त्या म्हणाल्या आणि यंत्राची पेटी आणायला गाडीकडे वळल्या.

नेमकं तेव्हाच जेसीबीवाल्याने, गाडीला वाट द्यायला म्हणून, मशीन मागं घेण्यासाठी इंजिन सुरू केलं.

धडधडाट झाला. काठ थरथरला. फुलीचा चुना कणाकणाने घसरू लागला. काकांच्या हातातली सळई मधमाश्यांचं पोळं धरल्यासारखी गुणगुणायला लागली. ते दोन्ही हात हलवत ओरडले, "बंद कर! अरे बंद कर ते!"

इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

आणि त्या शांततेत, सळईशिवाय, यंत्राशिवाय, सगळ्यांना ऐकू आलं. पायाखालची वाळू बोलत होती. उंम्क, उंम्क, उंम्क. एकाच वेळी वीस-पंचवीस चिमुकले गळे, कुणी जाड, कुणी चिरका, सगळे मिळून एकच हाक मारत होते.

मॅडमच्या हातून नकाशा पडला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. जेसीबीवाला "आईशप्पथ" एवढंच म्हणाला.

"काका," चौकीदाराचा आवाज एकदम बदलला. "पाण्याकडे बघू नका. धावू नका. माझ्याकडे या. हळू."

काकांनी पाण्याकडे पाहिलंच. दोन डोळे तिथं नव्हते. तिथून काठाकडे पाण्याचा एक बाण निघाला होता.

पाणी फुटलं आणि आत्याबाई बाहेर आली. काकांनी आजवर मगर पाहिली होती ती पोटावर सरपटणारी, ओंडक्यासारखी. ही सरपटत नव्हती. तिने चारही पाय ताठ करून सगळं धूड जमिनीवरून उचललं होतं आणि ती चालत होती. चालत कसली, येत होती! पाठीवरून पाणी निथळत होतं, शेपटी मागं आडवी झाडत होती. तिने तोंड उघडलं आणि फुत्कार टाकला. गॅसची टाकी उघडावी तसा.

काका मागं सरले. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्या पावलाला चप्पल वाळूत राहिली. हातातली सळई सुटली आणि मगरीच्या पुढ्यात आडवी पडली. कटकन आवाज झाला. चौतीस वर्षं काकांच्या कानाला घासून गुळगुळीत झालेली लाकडी वाटी एका चाव्यात फुटली. सळई तोंडातून निसटून पडली.

चौकीदाराने काकांच्या कॉलरला धरून त्यांना वर ओढलं. चौघेही जेसीबीच्या मागं पोचले, तेव्हा कुणाचा हात कुणाच्या हातात होता हे कुणालाच कळत नव्हतं. काकांचं काळीज कानात वाजत होतं. दोन्ही कानांत, चांगलं स्पष्ट.

पण आत्याबाई त्यांच्या मागं आली नाही. ती फुलीवर थांबली. तिने मान वाकवली, हनुवटी वाळूला लावली आणि निश्चल झाली.

"ऐकतेय," काका कुजबुजले. त्यांना हसू फुटलं. "बघा, अगदी माझ्यासारखीच!"

मग तिने खोदायला सुरुवात केली. पुढच्या पायांनी, आधी हळू, मग भराभर. वाळू मागं उडत होती. हातभर खोल गेल्यावर ती थांबली, तोंड खड्ड्यात घातलं आणि बाहेर काढलं. दातांच्या रांगेत काहीतरी वळवळत होतं, वीतभर, पिवळसर, काळ्या पट्ट्यांचं.

"खाल्लं!" जेसीबीवाला किंचाळला. "मॅडम, खातेय ती पोरांना! अहो, कुणीतरी काहीतरी करा!"

"गप रे!" चौकीदाराने त्याला दाबलं. "गिळलं असतं तर मान वर करून मागं झटकली असती. चावून खाता येत नाही तिला, मगर अख्खं गिळते. बघ तरी नीट."

तिने मान वर केली नाही. जबड्याचा तळ खाली पिशवीसारखा लोंबला होता आणि त्या पिशवीच्या कडेवरून एक इवलंसं नाक बाहेर डोकावत होतं. तिने दुसरं उचललं, तिसरं, चौथं. मग जड पावलांनी ती पाण्याकडे गेली, तोंड पाण्यात बुडवलं, डोकं हळूच डावीकडे-उजवीकडे हलवलं. पिल्लं बाहेर पडली आणि काड्यांसारखी पसरली. ती पुन्हा वळली.

दुसऱ्या खेपेला तिने एक अंडं उचललं, न फुटलेलं. आतलं पिल्लू हाक मारत होतं, पण कवच फोडायची ताकद त्याच्यात नव्हती. तिने ते अंडं जिभेवर घेतलं आणि टाळूशी हळूहळू फिरवलं. ज्या जबड्याने दोन मिनिटांपूर्वी शिसवीची वाटी फोडली, तोच हा जबडा. कवच तडकलं. पिल्लू बाहेर आलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या. मोबाईल हातात होता, पण चित्र घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. "वनखात्याला फोन करायला हवा," त्या म्हणाल्या आणि तशाच बघत उभ्या राहिल्या.

काका मोजत होते. नऊ. चौदा. एकोणीस. "तेवीस!" ते शेवटी ओरडले. इतक्या मोठ्याने ते आयुष्यात ओरडले नसावेत. आत्याबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पाण्यात उतरली. चार-पाच पिल्लं तिच्या डोक्यावर चढून बसली, आणि दोन डोळे, नाकपुड्या आणि ती पोरं असा सगळा संसार काठाकाठाने वेताच्या झाडीकडे सरकू लागला.

 मग जेसीबीवाला खड्ड्यापाशी गेला, वाकून बघितलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"मॅडम, लिहून ठेवा. खड्डा बरोब्बर फुलीच्या मधोमध आहे. बोटभरसुद्धा इकडे-तिकडे नाही. काकांची फुली आजही चुकली नाही. माल तेवढा वेगळा निघाला."

काकांनी आपली सळई उचलली. टोकावर लाकडाच्या दोन चिपा लटकत होत्या. त्या त्यांनी खिशात घातल्या.

"चला," मॅडम म्हणाल्या. "आता लादी. काका, तुम्हीही या."

"मी काय करू तिथं? कान असा, आणि आता वाटीही गेली."

मॅडम त्यांना घेऊनच निघाल्या. व्हॉल्व्हच्या खोलीजवळ त्यांनी चकती लादीवर ठेवली, पेटीवरची दोन बटणं फिरवली आणि हेडफोन काढून काकांच्या डोक्यावर चढवले. वाळलेल्या फेसाचे कण त्यांच्या बोटांना लागले.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून, एखादा जुना मित्र गर्दीतून पुढं यावा तसा, तो आला. बारीक, धारदार, न थांबणारा. सूंऽऽऽ. काकांनी तो आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, आणि ऐकत नाही आहोत हे मान्यही केलं नव्हतं. आता तो उजव्या कानात भरून वाहत होता. त्यांनी डोळे मिटले. चकती एका हाताने उजवीकडे सरकवली, थोडी मागं, आणखी थोडी.

"चुना," ते डोळे न उघडता म्हणाले.

दुपारी तीनला लादी फुटली, साडेचारला नळ दिसला. भेग फुलीखाली होती. जेसीबीवाल्याने पुन्हा शिट्टी मारली, पण यावेळी पेटीसाठीही मारली.

संध्याकाळी काका घरी आले ते बोलतच आले. पाय धुताना बोलले, हात धुताना बोलले. आत्याबाई, तेवीस पिल्लं, फुटलेली वाटी, हेडफोन. बायको डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी काका थांबले, खाली बघत म्हणाले, "अगं, आणि एक गोष्ट. तुला सांगितली नव्हती मी. सगळ्यांसमोर सांगून टाकली आज. माझा उजवा कान..."

"चार महिने झाले," बायको म्हणाली.

काकांनी मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"इस्त्रीचे शर्ट कपाटात कोण ठेवतं या घरात?" तिने टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. "मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता त्याची. आता जा, आधी तो दुसरा गाल उरकून या. आणि मग त्या तेवीस पोरांचं पुन्हा पहिल्यापासून सांगा. डाव्या बाजूला बसते मी."